आधी भाकर

आज २ ऑक्टोबर. देशाला गांधीजयंतीची सुट्टी आहे. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मात्र सकाळच्या मिस्साला रोजच्यापेक्षा जास्त माणसं होती, कारण कॅथलिक पंचांगात आजचा दिवस रक्षक देवदूतांचा. तीनच दिवसांपूर्वी, २९ सप्टेंबरला, मिखाएल, गब्रीएल आणि राफाएल या महादूतांचा सण झाला. त्यांना नावं आहेत, कथा आहेत, चित्रांत त्यांच्या हाती तलवार, लिलीचं फूल, मासा असं काही ना काही दिलेलं असतं. आजच्या देवदूतांना नाव नाही. प्रत्येक माणसामागे एक नेमलेला, तो शेवटच्या श्वासापर्यंत त्याच्यासोबत, एवढीच त्यांची ओळख. या श्रद्धेला आधार आहे तो प्रभू येशूच्या एका बोलण्याचा. लहानग्यांना कमी लेखू नका असं शिष्यांना बजावताना त्यानं कारण दिलं ते त्या मुलांच्या स्वर्गातल्या दूतांचं. ज्यांना कुणी मोजत नाही त्यांचे दूत थेट पित्यासमोर उभे असतात.

माझ्या पुढच्या बाकावर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. बसताना ती वीतभर डावीकडे सरकली. आईनं तिला दोनदा जवळ ओढलं, पण उजव्या बाजूची ती मोकळी जागा काही तिनं भरू दिली नाही. मी ओळखलं, हिला कुणीतरी शिकवलं आहे. आम्हालाही शिकवलं होतं. फर्स्ट कम्युनियनच्या वर्गात सिस्टर सांगायच्या, बाकावर बसताना थोडी जागा सोडा, तुमचा देवदूतही थकत असेल. मी घरी येऊन जेवायच्या पाटावरसुद्धा जागा सोडायला लागलो. आजी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. तिनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. ती हातावरची भाकरी न थांबवता म्हणाली, "तो बसायला नाही आला रे. कामाला आलाय."

देवदूतांविषयी मी पुढे बरंच वाचलं, प्रवचनं ऐकली, पण आजीच्या त्या वाक्याच्या पुढे फारसा गेलो नाही. 'एंजल' या शब्दाचं मूळ ग्रीक 'आंगेलोस'. हिब्रूतला शब्द 'मलाख'. दोन्हींचा अर्थ निरोप्या, जासूद. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं येशूकडे चौकशीला पाठवलेली साधी हाडामांसाची माणसं होती, त्यांच्यासाठीही लूकनं हाच ग्रीक शब्द वापरला आहे. संत ऑगस्टीननं तर स्पष्टच केलं की देवदूत हे त्यांच्या कामाचं नाव आहे. ते मुळात आहेत आत्मे. मराठी शब्दात हे काम उघडच दिसतं. दूत म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. रामाची अंगठी घेऊन अशोकवनात गेलेला मारुती आपल्याला ठाऊक आहे, शिष्टाईसाठी हस्तिनापूरला गेलेला कृष्ण ठाऊक आहे. दूत स्वतःचं काही आणत नाही. ज्यानं पाठवलं त्याचं आणतो, पोचवतो आणि परत जातो.

पंख नंतर आले. यशयाच्या दर्शनातल्या सेराफीमांना सहा सहा पंख आहेत, कराराच्या कोशावरच्या करूबांनाही पंख आहेत. पण माणसांच्या दारात आलेले दूत बहुतेक वेळा साध्या माणसांसारखे आलेले आहेत. सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती चित्रकारांनीही त्यांना बिनपंखांचंच काढलं होतं. मला ते बरं वाटतं. पंख दिसले की आपण पंखांकडे बघत राहतो आणि हातात काय आणलंय ते राहून जातं.

हातात काय आणतात ते बघू लागलं की मन थक्क होतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्राच्या सुटकेची रात्र आहे. हेरोदानं त्याला तुरुंगात टाकलेलं. चार चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर. दोन साखळ्यांनी जखडलेला पेत्र दोन शिपायांच्या मधे झोपलेला. सकाळी त्याला लोकांपुढे उभं करायचं होतं, म्हणजे जवळपास मरणच. देवदूत येतो, कोठडीत उजेड पडतो. दूत पेत्राच्या कुशीत ढोसून त्याला उठवतो आणि हातांतल्या साखळ्या गळून पडतात. इथपर्यंत चमत्कार. त्यानंतर लूक जे लिहितो ते मला चमत्काराहून मोलाचं वाटतं. दूत पेत्राला कंबर बांधायला सांगतो, चपला घालायला सांगतो, वरून झगा पांघरायला सांगतो. ज्याच्या येण्यानं लोखंडी साखळ्या सुटल्या त्याला चपला पायात सरकवणं जड नव्हतं. पण त्या पेत्राच्या चपला होत्या, पेत्राला घालता येत होत्या. साखळ्या त्याला काढता येत नव्हत्या, म्हणून त्या दूतानं काढल्या. चपला त्याच्या त्यानं घालायच्या. मग शहराकडे जाणारा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, दोघं एक गल्ली चालून जातात आणि दूत निघून जातो. पेत्राला तेव्हा कुठे कळतं की हे स्वप्न नव्हतं. अंधारात, रस्त्यावर, एकटा, पायात चपला.

हागारची गोष्टही अशीच आहे. बायबलमध्ये परमेश्वराचा दूत पहिल्यांदा भेटतो तो कुणा राजाला नाही, संदेष्ट्याला नाही. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या एका पोटुशी, परदेशी दासीला भेटतो. तो तिला नावानं हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. तिला असं कुणी विचारलं असेल का कधी? पुढे मुलासकट घराबाहेर काढल्यावर पखालीतलं पाणी संपतं, ती लेकराला झुडपाखाली टाकते आणि त्याचं मरण दिसू नये म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते. स्वर्गातून दूताची हाक येते. देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. पाणी आकाशातून पडलं असं तिथं लिहिलेलं नाही. विहीर दिसली. पखाल तिनं स्वतः भरली आणि मुलाला स्वतः पाजलं.

गेथशेमानेच्या बागेत खुद्द प्रभूलाही यापेक्षा जास्त मिळालं नाही. हा प्याला टळावा म्हणून तो गुडघे टेकून प्रार्थना करत होता. लूकच्या शुभवर्तमानात तेवढा उल्लेख आहे की स्वर्गातून एक दूत आला आणि त्यानं त्याला बळ दिलं. प्याला मात्र तसाच राहिला.

पण देवदूताची गोष्ट म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवतो संदेष्टा एलीया. आजीची ही आवडती गोष्ट होती आणि भाकऱ्या करतानाच ती सांगायची, त्यामुळे तांदळाच्या पिठाच्या उकडीचा वास आणि एलीया माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. कार्मेल डोंगरावर एलीयानं एकट्यानं बआलाच्या शेकडो पुजाऱ्यांपुढे उभं राहून देवाची बाजू राखली. केवढा विजय! आणि लगेच राणी ईजबेलचा निरोप आला, उद्या या वेळेपर्यंत तुला मारते. हा एवढा धीट माणूस पळाला. बैरशेब्याला आपला गडी ठेवला, रानात एक दिवसाची वाट चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. मग तिथंच झोपला.

आजी इथं थांबायची. तव्यावरची भाकरी उलटायची. मग विचारायची, "तू देवदूत असतास तर काय केलं असतंस?" मी सांगायचो, ओरडलो असतो, देवाचा माणूस असून घाबरतोस काय म्हणून. ती मान हलवायची. बायबलमधल्या त्या दूतानं एलीयाला एका शब्दानं बोल लावला नाही. श्रद्धा कमी पडली असं म्हटलं नाही, कार्मेलची आठवण दिली नाही. त्याला हात लावला आणि उठून खायला सांगितलं. एलीयानं बघितलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो उठला, खाल्लं, प्यायला आणि परत झोपला. दूतानं त्याला झोपू दिलं. किती वेळ, ते लिहिलेलं नाही. मग दुसऱ्यांदा हात लावला, पुन्हा तेच, उठ आणि खा. आणि या वेळी पुढचं सांगितलं, की वाट मोठी आहे, तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस, चाळीस रात्री चालला आणि होरेब डोंगराला पोचला. देवाचं मंद, हलकं बोलणं त्याला ऐकू आलं ते तिथं. "आधी भाकर," आजी म्हणायची, "मग देवाचं बोलणं." आणि माझ्या ताटात गरम भाकरी टाकायची.

अकरा वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं, रात्री दीड वाजता मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एकटा होतो. बहीण नगरहून निघाली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि ते मला कळतही नव्हतं. खाली कॅन्टीन बंद झालं होतं. हातात औषधांची यादी होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीवरच येत होतो. प्रार्थना करायचा प्रयत्न केला, शब्द सुचेनात. लहानपणापासून रोज रात्री म्हटलेली रक्षक देवदूताची प्रार्थनासुद्धा निम्म्यात अडकली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, पायांना भेगा, दोन्ही हात पोटऱ्या चेपत होते. जव्हारकडची होती. लेक बाळंतपणाला आणलेली, अडलेली, आत होती, एवढंच मला संध्याकाळी कानावर आलं होतं. आमचं काही बोलणं झालेलं नव्हतं. ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि मांडीवर एक फडकं सोडलं. नागलीच्या भाकरी, काळपट, कडा चिरलेल्या, आणि कागदात थोडी सुकटीची चटणी. तिनं माझ्या हातातली ती यादी काढून बाजूला ठेवली, हातात भाकर दिली आणि म्हणाली, "खाय पोरा. रात मोठी हाय."

मी खाल्लं. कोरडी भाकर घशाखाली उतरत नव्हती तर तिनं बाटलीतलं पाणी पुढे केलं. खाताना मी रडलो आणि ती काही बोलली नाही. खाऊन झाल्यावर तिथंच बाकावर डोळा लागला. पहाटे तिनं खांदा हलवून उठवलं, डॉक्टर नाव पुकारत होते. मी धावत आत गेलो. वडील वाचले होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामं होतं. दारावरच्या माणसानं सांगितलं, म्हातारीच्या लेकीला मोठ्या दवाखान्यात हलवलं, ॲम्ब्युलन्स आत्ताच मुंबईकडे गेली. माझ्या औषधांच्या यादीवर तिचं फडकं राहिलं होतं.

पुढची अडीच वर्षं आम्ही वडिलांना उचललं, पुसलं, भरवलं. वाट खरोखरच मोठी होती. त्यानंतर ऑगस्टमधल्या एका रविवारी मिस्सामध्ये पहिलं वाचन एलीयाचं आलं. वाचणारा मुलगा दूताच्या दुसऱ्या हाकेपर्यंत आला, वाट मोठी आहे या शब्दांपाशी, आणि मला मान खाली घालावी लागली.

त्या रात्रीची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली. ऐकणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, "देवदूतच म्हणायची ती." मीही अनेक वर्षं तसंच म्हणत होतो. आपल्या वर्तमानपत्रांचाही तो आवडता मथळा आहे. पुरात अडकलेल्यांना होडीतून काढणारा कोळी देवदूत ठरतो, अपघातात सापडलेल्याला वेळेवर पोचवणारा रिक्षावाला देवदूत बनून येतो. त्यात चूक काही नाही. देवदूत हे कामाचं नाव आहे आणि काम तर देवाचंच झालेलं असतं. देव माणसाच्या हातून भाकर पाठवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या रात्री ती त्यानंच पाठवली होती.

तरीही हल्ली तो शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबतो. कारण देवदूताला पोट नसतं. तोबीतच्या पुस्तकात राफाएल हे स्वतःच सांगतो, की तुम्ही मला खाताना बघत होता तो केवळ भास होता, मी काही खात नव्हतो. देवदूताला घरभाडं नसतं, लेकरं नसतात, पोटऱ्या दुखत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये आपण गॅलऱ्यांत उभं राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या, परिचारिकांना आणि सफाई कामगारांना देवदूत म्हटलं. त्याच दिवसांत काही इमारतींमध्ये ड्युटीवरून परतलेल्या परिचारिकांना आत येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. देवदूत म्हटल्यावर त्यांना घरी जायचं असतं, झोपायचं असतं, पहिल्या तारखेला पगार लागतो, हे डोळ्यांआड करणं सोपं जातं. स्वर्गातून आलेल्याचं देणं कुणी लागत नाही.

तोबीतनं तसं केलं नाही, म्हणून तो मला फार मोठा माणूस वाटतो. हे पुस्तक आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहे. बहिणीच्या सासरी, नगरच्या प्रॉटेस्टंट घरात, ते बायबलमध्ये नसतं, म्हणून थोडं सांगतो. तोबीत निनवेत राहणारा, आंधळा झालेला, गरिबीत आलेला सज्जन. दूर मेदियात कुणाकडे ठेवलेले पैसे आणायला त्याला मुलाला, तोबियाला, पाठवायचं होतं. वाटेची माहिती असलेला सोबती हवा होता. राफाएल अजऱ्या नावाचा माणूस बनून समोर उभा राहिला. तोबीतनं त्याचं कूळ विचारलं, मग मजुरी ठरवली, दिवसाला एक द्राख्मा आणि खर्च वेगळा. नीट परत आणलंस तर वर आणखी देईन, असंही कबूल केलं. दोघं निघाले, सोबत घरचा कुत्राही निघाला. वाटेत मासा सापडला, त्याच्या पित्तानं पुढे तोबीतचे डोळे उघडले. परत आल्यावर बाप आणि लेक बसून बोलतात, या माणसाला काय द्यायचं? तोबिया म्हणतो, आणलेल्यातलं निम्मं दिलं तरी कमीच. ते त्याला बोलावून निम्मं पुढे करतात. राफाएल आपण कोण ते सांगतो तेव्हाच. आधी मजुरी ठरलेली होती आणि ती ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त द्यायला ते तयार होते. सोबत चाललेला माणूस आहे असं धरूनच त्यांनी त्याला वागवलं.

अब्राहामानंही तेच केलं. मम्रेच्या झाडांपाशी, भर उन्हात, तंबूच्या दारात तो बसला होता. तीन अनोळखी माणसं दिसली. म्हातारा धावला. पाय धुवायला पाणी आणलं, सावलीत बसवलं, तुकडाभर भाकर आणतो म्हणाला आणि आत जाऊन सारेला तीन मापं सपीठ मळायला सांगितलं, कोवळं वासरू कापायला दिलं, दही-दूध घेऊन स्वतः त्यांच्याजवळ उभा राहिला. इब्री लोकांस पत्र लिहिणारा परक्यांचा पाहुणचार विसरू नका असं कळवळून सांगतो, तेव्हा त्याच्या मनात हेच जेवण असणार. काही जणांनी नकळत देवदूतांना जेवू घातलं, असं तो म्हणतो. नकळत. त्यांनी भुकेली माणसं बघितली होती.

देवदूतांनाही स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायला आवडत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान दोनदा दूताच्या पायांशी पडतो आणि दोन्ही वेळा दूत त्याला अडवतो, म्हणतो, मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, नमन देवाला कर. म्हणून ख्रिस्तसभा देवदूतांचा मान राखते, त्यांना हाक मारते, पण आराधना देवाचीच करते. नगरकडची मंडळी तर दूताला उद्देशून प्रार्थनाही करत नाहीत; तुझा दूत पाठव, असं देवालाच म्हणतात. लूथरनं सकाळी आणि रात्री म्हणायला जी छोटी प्रार्थना शिकवली तिचाही शेवट असाच आहे. माहीमला बुधवारी गेलात तर दूताचं हे मागे राहणं डोळ्यांनी दिसतं. तिथलं चर्च महादूत मिखाएलच्या नावाचं. १९४८ पासून दर बुधवारी तिथं निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना होते. सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात, हातात मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ. सगळे म्हणतात माहीम चर्च. मिखाएलचं नाव क्वचितच कुणाच्या ओठी येतं आणि तो तिथं उभा आहे, आपल्या धन्याच्या घरात, येणाऱ्यांना आत जाऊ देत.

आजी गेली तेव्हा दफनविधीत धर्मगुरूंनी ती जुनी प्रार्थना म्हटली, देवदूतांनी हिला नंदनवनात न्यावं, एके काळच्या गरीब लाजराच्या सोबतीला. येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला हा लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला असायचा, कुत्री त्याचे फोड चाटायची. जिवंतपणी त्याला उचलून कुणी सावलीत ठेवलं नाही. मेल्यावर देवदूतांनी उचललं. पूर्वी त्या ओळीनं मला सांत्वन मिळायचं, आजही मिळतं; पण आता ती ऐकताना मला दारातला श्रीमंतही दिसतो. लाजरला उचलणं त्याला जमण्यासारखं होतं. दूतांवर ते काम शेवटी आलं.

आणि पेत्राची रात्रही तशीच पुरी होते. दूत गेल्यावर तो मार्कच्या आईच्या, मरियेच्या घरी जातो. आत मंडळी जमून त्याच्याचसाठी प्रार्थना करत असतात. तो दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी येते, आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत जाऊन सांगते, पेत्र आलाय. कुणी विश्वास ठेवत नाही. तिला वेडी ठरवतात आणि मग म्हणतात, त्याचा देवदूत असेल. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. तुरुंगाचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला होता. हे लाकडी दार उघडत नव्हतं, कारण आतल्या भाविकांनी बाहेरच्या माणसाला देवदूत म्हटलं होतं. देवदूताला दार उघडावं लागत नाही. बाहेर पेत्र थंडीवाऱ्यात ठोठावत राहिला.

मिस्सा संपल्यावर पुढच्या बाकावरची ती मुलगी उठली, उठताना तिनं त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं आणि आईचा हात धरून बाहेर गेली. मी घरी आलो. कपाटाच्या खालच्या खणात, बायबलशेजारी, ते फडकं आहे. धुऊन ठेवलेलं, एका कोपऱ्याला हळदीचा डाग आहे तो गेलेला नाही. आज ते बाहेर काढून बराच वेळ हातात धरून बसलो. तिची लेक वाचली का, बाळ वाचलं का, मला माहीत नाही. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. फडक्यात दोन भाकरी होत्या. एक तिनं हातात दिली, ती संपली तशी दुसरीही तिनं दिली आणि मी घेतली. तू खाल्लंस का, असं मी तिला विचारलं नाही.